दात जपावे, खेळही जपावा

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आपल्या औद्योगिक पट्ट्यात 'सुरक्षा' या शब्दाइतका परिचित शब्द दुसरा क्वचितच असेल. कारखान्याच्या प्रवेशद्वारापाशी तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. त्या दिवशी शपथ घेतली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात. ज्या कामात डोळ्यांना इजा संभवते त्या कामावर चष्मे किंवा पडदे पुरवण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकावर टाकली होती. पुढे हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी बूट आणि कानांतील बोळे हा सारा साज कामगाराच्या अंगवळणी पडला. आमच्या धर्मग्रामातील बहुतेक घरांतला कर्ता पुरुष, आणि अलीकडे कर्ती स्त्रीही, हा साज अंगावर चढवूनच पहिल्या पाळीला उभी राहते.

त्याच घरातले मूल मात्र संध्याकाळी मैदानावर जाते तेव्हा त्याच्या अंगावर बहुधा शाळेचा गणवेश आणि पायांत झिजलेले बूट, एवढेच असते. पायांना पॅड क्वचित असतात. तोंडाचा विचार तर कोणाच्याच मनात येत नाही. आणि ज्या मुलाच्या दातांना तारा बसवलेल्या आहेत त्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. आज त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे मनात आहे. विषय लहान वाटेल. परंतु एका कुटुंबाच्या निमित्ताने तो किती खोल जातो हे मला जवळून पाहायला मिळाले.

एके काळी दात सरळ करून घेणे ही श्रीमंतांची गोष्ट समजली जात असे. वेडेवाकडे दात हे देवाने दिलेले रूप, असे म्हणून आपण ते स्वीकारत होतो. आता कामगार वस्त्यांतूनही तार लावलेली मुले-मुली सर्रास दिसतात. पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थांमुळे हा उपचार जवळ आला, आणि हप्त्याहप्त्याने पैसे देण्याची सोय अनेक दवाखान्यांनी केली. ही चांगलीच गोष्ट आहे. दात सरळ करणे म्हणजे केवळ सौंदर्य नव्हे. नीट चावता यावे, दात नीट घासता यावेत आणि पुढे आलेले दात सहज दुखावू नयेत, हेही त्यामागचे हेतू असतात.

यातील शेवटचा हेतू आपण ध्यानात घेतला पाहिजे. ज्यांचे वरचे पुढचे दात बाहेर आलेले असतात आणि ओठांनी पुरते झाकले जात नाहीत, त्यांच्या दातांना पडण्या-झडण्यात इजा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. म्हणजे ज्या मुलांना तारांची गरज असते, त्यांतील बरीचशी मुले आधीच अधिक धोक्यात असतात. त्यात उपचार सुरू झाला की आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली गोष्ट अशी की, दातांवर धातूचे छोटे चौकोन, ज्यांना ब्रॅकेट म्हणतात, ते चिकटवलेले असतात आणि त्यांतून तार ओवलेली असते. ओठांवर चेंडू अथवा कोपर बसले की ओठ त्या धातूवर आतून चिरडला जातो. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो अतिशय नाजूक तंतूंनी हाडाशी बांधलेला असतो. तारेच्या सततच्या मंद दाबामुळे दाताच्या एका बाजूचे हाड विरघळते व दुसऱ्या बाजूला नवे हाड तयार होते, आणि असा तो दात महिन्यामहिन्याने सरकत जातो. या प्रवासात तो काहीसा सैल असतो. अशा दाताला आधाराची गरज अधिक असते.

आता त्या कुटुंबाविषयी. वडील मूळचे हरेगावकडचे. चाकणच्या एका कारखान्यात वाहनांचे सुटे भाग घडवणाऱ्या विभागात कामाला. आई घरी शिवणकाम करते. थोरला मुलगा भोसरीच्या एका संघाकडून कबड्डी खेळतो. धाकटी मुलगी आठवीत असून शाळेच्या संघात हॉकी खेळते. या परिसराला हॉकी परकी नाही. दापोडीहून मुळा नदी ओलांडली की खडकी लागते. तेथील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले मोडक्या काठ्या दोरीने बांधून हॉकी शिकला आणि १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक स्पर्धा खेळला. इकडे नेहरूनगरला महानगरपालिकेचे मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे पॉलिग्रासचे मैदान आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा तेथेच झाली. कृत्रिम गवतावर चेंडू मातीच्या मैदानापेक्षा फार वेगाने धावतो. त्या चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते आणि तो दगडासारखा टणक असतो. काठीला लागून तो अचानक उसळला तर तोंड चुकवायला खेळाडूला क्षणही मिळत नाही.

मुलीच्या दातांना तारा बसवल्यावर आठवड्याभरातच आईवडील तिला घेऊन माझ्याकडे आले. उपचारासाठी वडिलांच्या तीन पगारांएवढा खर्च ठरला होता. आई म्हणाली, "फादर, तुम्हीच हिला समजावा. एवढे पैसे घातले आहेत. एक चेंडू तोंडावर बसला तर सगळे मातीत जाईल. हॉकी काय, दोन वर्षांनी सुटणारच आहे. मुलीच्या जातीला दात महत्त्वाचे."

वडील गप्प होते. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मग तारा काढून टाका. मला नकोत."

आईच्या बोलण्यात माया होती, आणि हिशेबही खरा होता. तरीही एक गोष्ट मला खटकल्यावाचून राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी याच घरातल्या थोरल्या मुलाच्या पुढच्या दाताचा टवका पकड करताना उडाला होता. तेव्हा त्याने कबड्डी सोडावी असे कोणी म्हटले नव्हते. दात भरून घेतला आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा चढाईला गेला. मुलाचा दात म्हणजे खेळातली जखम, आणि मुलीचा दात म्हणजे तिच्या स्थळाची काळजी, असा हा भेद आहे. तो त्या माउलीने निर्माण केलेला नाही. आपण सगळ्यांनी मिळून तो पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. मी आईला विचारले, "बाई, डॉक्टरांनी खेळू नको म्हणून सांगितले आहे का?" त्यांनी डॉक्टरांना विचारलेच नव्हते. मी म्हणालो, "मग आधी त्यांना विचारू. दातांतले मला काय कळते?"

परंतु वडील कारखान्यातले. संरक्षणाचे साधन असते हे त्यांना माहीत. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबण्याऐवजी त्यांनी खेळाच्या साहित्याच्या एका दुकानातून माउथगार्ड विकत आणला. हे साधन प्लॅस्टिकचे असते. ते उकळत्या पाण्यात मऊ करायचे आणि तोंडात धरून दात रोवायचे, म्हणजे ते दातांच्या आकाराचे होते. साध्या दातांसाठी ते चालते. तारांच्या दातांना मात्र ते चालत नाही, ही सूचना दुकानदाराने दिली नाही. मऊ प्लॅस्टिक ब्रॅकेटच्या खाचांत शिरले, थंड होऊन आवळले, आणि ओढून काढताना दोन ब्रॅकेट निखळून हातात आले. आईच्या दृष्टीने तर प्रश्न निकालातच निघाला.

त्यानंतर आम्ही दंतवैद्यांकडे गेलो. दात सरळ करण्याच्या शास्त्रातले ते तज्ज्ञ. त्यांनी निखळलेले ब्रॅकेट पुन्हा बसवले आणि शांतपणे जे समजावले त्याचा सारांश येथे देतो, कारण तो अनेक घरांना उपयोगी पडेल.

तारा लावल्यामुळे खेळ सोडण्याचे कारण नाही. पहिले काही दिवस तोंड दुखते, तेवढे सोसले की मूल मैदानावर जाऊ शकते. मात्र हॉकी, कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, बास्केटबॉल, मुष्टियुद्ध, स्केटिंग अशा खेळांत, जेथे धक्का, पडणे किंवा चेंडू तोंडावर बसणे संभवते, तेथे सरावाच्या वेळीसुद्धा माउथगार्ड घालावा. पुष्कळ दुखापती सामन्यात नव्हे तर सरावात होतात. तारांवर घालायचा माउथगार्ड निराळा असतो. दंतवैद्य दातांचा साचा घेतात, ब्रॅकेटच्या भोवतीची जागा मेणाने किंवा तत्सम पदार्थाने भरून काढतात आणि त्या साच्यावर तीन-चार मिलिमीटर जाडीचा लवचीक पत्रा तापवून बसवतात. त्यामुळे आतल्या बाजूला थोडी मोकळी जागा राहते. ती दोन कारणांसाठी लागते. एक तर तो ब्रॅकेटला अडकत नाही. आणि दुसरे म्हणजे दातांना सरकायला वाव राहतो. घट्ट बसणारा माउथगार्ड दातांना जुन्या जागी धरून ठेवू पाहील, म्हणजे एका हाताने उपचार करायचा आणि दुसऱ्या हाताने तो मागे ओढायचा, असे होईल. दात सरकत असल्याने तो अधूनमधून दाखवून घ्यावा लागतो आणि गरज पडल्यास नवा करावा लागतो. खर्च परवडत नसेल तर तारांसाठीच बनवलेले, न उकळता घालायचे सिलिकॉनचे तयार माउथगार्डही मिळतात. परंतु विकत घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. खालच्या दातांनाही तारा असतील तर दोन्ही जबडे झाकणारा घ्यावा. आणि ज्या मुलांना काढता-घालता येणारी प्लेट किंवा पारदर्शक साचे दिलेले असतात, त्यांनी ते खेळताना काढून डबीत ठेवावेत आणि त्यांच्या जागी माउथगार्ड घालावा. ती साधने दात हलवण्यासाठी असतात, मार सोसण्यासाठी नसतात.

मुलीने एकच शंका विचारली. "हे घालून हाक मारता येईल का? मधल्या फळीत ओरडावे लागते." डॉक्टर हसले. नीट बसवलेल्या माउथगार्डमध्ये श्वास घेता येतो आणि बोलताही येते, फक्त आठ-दहा दिवस सवय करावी लागते, असे त्यांनी सांगितले.

हे साधन काही कालपरवाचे नाही, हे नंतर वाचताना माझ्या लक्षात आले. १८९० मध्ये लंडनच्या वुल्फ क्राउस या दंतवैद्याने मुष्टियोद्ध्यांचे ओठ फाटू नयेत म्हणून वरच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवल्या. रूट कॅनाल केलेला दात भरायला आजही वापरतात तोच हा गटापर्चा. तरी कित्येक वर्षे मुष्टियुद्धात या साधनाकडे संशयाने पाहिले जाई. ते वापरणे म्हणजे अयोग्य लाभ घेणे, असे मानले जाई. १९२७ मध्ये न्यूयॉर्कला जॅक शार्की आणि माइक मॅकटिग यांची लढत झाली. तुटलेल्या दाताने मॅकटिगचा ओठ इतका फाटला की त्याला लढत सोडावी लागली. त्यानंतर हे साधन रूढ होत गेले. १९६२ पासून अमेरिकेतील शाळांच्या त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये ते सक्तीचे झाले. आज मुष्टियुद्धात त्यावाचून रिंगणात उतरता येत नाही. हॉकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तोंडाचे संरक्षण वापरण्याची शिफारस आहे, सक्ती नाही. जेथे सक्ती नसते तेथे शहाणपणाची परीक्षा असते.

आपल्याकडे याला आडवी येते ती आपली शौर्याची कल्पना. डिसेंबर १९८९ मध्ये सियालकोटच्या कसोटीत सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरच्या नाकावर वकार युनूसचा चेंडू बसला. डोक्यावर हेल्मेट होते, पण चेहऱ्यासमोर जाळी नव्हती. रक्ताने माखलेला तो मुलगा मैदान सोडून गेला नाही, उभा राहिला आणि ५७ धावा करून गेला. ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते आणि सांगावीच. मात्र तिचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. पुढील कारकिर्दीत हाच तेंडुलकर जाळी असलेले हेल्मेट घालून फलंदाजीला उतरत असे. त्यामुळे त्याचे धैर्य कमी झाले, असे कोणी म्हटले नाही. धैर्य चेंडूसमोर उभे राहण्यात आहे. चेंडू तोंडावर घेण्यात नाही.

आपल्या संतमालिकेत अलेक्झांड्रियाची संत अपोलोनिया आहे. इ. स. २४९ च्या दंगलीत जमावाने तिचे दात पाडले आणि तिने अग्नीत प्राण दिला. म्हणून दातांच्या दुखण्यासाठी तिची मध्यस्थी मागतात. ९ फेब्रुवारीला तिचा सण असतो. तिने दात गमावले ते श्रद्धेसाठी. आपल्या मुलांनी ते निष्काळजीपणासाठी गमावू नयेत, एवढे तरी आपण पाहू शकतो.

दंतवैद्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट प्रत्येक क्रीडाशिक्षकाने आणि पालकाने पाठ करावी अशी आहे. काळजी घेऊनही कायमचा दात मुळासकट निखळून पडला तर तो फेकू नये. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ थंड पाण्याने क्षणभर धुवावा, घासू नये. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात लगेच त्याच्या जागी बसवून, स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर दात दुधात टाकून दंतवैद्याकडे धावावे. दुधात मुळावरचे जिवंत तंतू काही काळ टिकतात. साध्या पाण्यात ठेवले की मरतात, आणि कागदात गुंडाळले की वाळून जातात. अर्ध्या तासाच्या आत पोहोचलात तर दात पुन्हा रुजण्याची आशा चांगली असते. तास उलटल्यावर ती झपाट्याने घटते. दुधाचे दात मात्र परत बसवू नयेत. तारांच्या मुलाचा दात कधी तारेला लटकून राहतो. तो ओढून काढू नये, तसाच डॉक्टरांना दाखवावा. आणि माराबरोबर उलटी, भोवळ किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर दाताचा विचार मागे ठेवून आधी रुग्णालय गाठावे. माउथगार्ड दात व ओठ वाचवतो. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यापासून तो राखतोच असे नाही.

मुलीसाठी साच्यावरचा माउथगार्ड बनवून घेतला. वडिलांनी दोन रविवारी जादा काम करून त्याचे पैसे उभे केले. खेळ झाला की ती तो थंड पाण्याने धुते आणि भोके असलेल्या डबीत ठेवते. गरम पाण्याने किंवा उन्हात राहिल्याने त्याचा आकार बिघडतो, हे तिला आता आम्हा सर्वांपेक्षा अधिक माहीत आहे. या गोष्टीला दीड वर्ष होत आले. इतक्या काळात तिच्या तोंडावर एकदाही चेंडू बसलेला नाही.

यावरून आई मध्यंतरी म्हणाली की, मग हा खर्च वायाच गेला. एरवी मितभाषी असलेले वडील तेव्हा बोलले. "अकरा वर्षांत माझ्या डोक्यावर काही पडलेले नाही," ते म्हणाले. "म्हणून उद्यापासून हेल्मेट घरी ठेवून जाऊ का?"

आईने त्यावर काही उत्तर दिले नाही. पण परवाच्या आंतरशालेय सामन्याला ती पहिल्यांदाच मैदानावर आली होती, असे मुलीने मला सांगितले.

मराठीत 'जपणे' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. एखादे नाव पुन्हा पुन्हा घेणे म्हणजेही जपणे, आणि एखादी वस्तू सांभाळणे म्हणजेही जपणे. दोन्हींत रोजचे सातत्य अभिप्रेत आहे. मुलांना जपायचे म्हणून आपण त्यांना अडवतो, आणि मुलींना तर फारच लवकर अडवतो. अडवणे सोपे असते. एक 'नको' म्हटले की काम संपते. जपायचे तर साचा घ्यावा लागतो, पैसे उभे करावे लागतात, दर दोन-तीन महिन्यांनी विचारपूस करावी लागते. कारखान्यात यंत्र धोक्याचे आहे म्हणून कोणी यंत्र बंद करत नाही. त्याला जाळी बसवतात, माणसाला चष्मा देतात आणि काम चालू ठेवतात. आपल्या पट्ट्यातील बापांना हे शिकवावे लागत नाही. तेच शहाणपण घरच्या मैदानापर्यंत न्यावे, एवढेच मागणे आहे.

आमच्या युवक मंडळाने एक छोटासा नियम केला आहे. क्रीडास्पर्धेचे नाव नोंदवताना दातांना तारा आहेत का, हे विचारायचे. असतील तर माउथगार्डवाचून हॉकी, फुटबॉल आणि कबड्डीत उतरू द्यायचे नाही. ज्या घराला तो परवडत नाही त्या घराला मंडळाने हातभार लावायचा. प्रथमोपचाराच्या पेटीत एक झाकणाची स्वच्छ डबी आणि दुधाची छोटी पिशवी ठेवायची. इतर धर्मग्रामांनी आणि शाळांनीही आपापल्या सोयीने असे काही करावे. ज्या घरात मूल खेळते आहे, आणि विशेषतः मुलगी खेळते आहे, त्या घरात हा विषय दात पडण्यापूर्वी निघावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.